बावखलातली माझी बाजू

आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा सगळं वाटलं गेलं, पाणी तेवढं राहिलं. जमिनीचे तुकडे पडले, केळीच्या रांगा ठरल्या, नारळांच्या बुंध्यांवर चुन्याच्या खुणा झाल्या, आणि बावखलापाशी आल्यावर दोघे भाऊ डोकं खाजवत उभे राहिले. बावखल म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी जुन्या माणसांनी खणलेला मोठा खड्डा, विहिरीपेक्षा ऐसपैस आणि तळ्यापेक्षा लहान. आमच्या सांडोर गावातल्या वाड्यांमध्ये अजून अशी काही टिकून आहेत. तर त्या पाण्यात कुंपण घालणार कुठं? शेवटी काठावरच्या उंडीच्या झाडापासून समोरच्या मोडक्या रहाटाच्या दगडी खांबापर्यंत एक रेघ नुसती बोटानं हवेत ओढली. रेघेच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं थोरल्या दिरांचं.

त्या रेघेवर पुढं मी दोर बांधला. काथ्याचा जाड दोर, त्यात तेलाचे रिकामे डबे अडकवलेले, म्हणजे तो पाण्यावर तरंगत राहील. कारण पलीकडं जलपर्णी माजली होती. फुगीर देठांची, तुकतुकीत पानांची, वर जांभळ्या फुलांचे तुरे. दिसायला इतकी देखणी की परक्या माणसानं उभं राहून फोटो काढावा. पण एकदा शिरली की पाणी म्हणून दिसू देत नाही. पंपाच्या तोंडात अडकते, खाली मासे गुदमरतात, वर डास होतात. ही आपल्याकडची नव्हेच, फुलं छान म्हणून कुणीतरी कधीतरी हौसेनं बाहेरून आणली असं म्हणतात. थोरले दीर गेले, जाऊ मुलाबरोबर एव्हरशाईन सिटीत फ्लॅटमध्ये राहायला गेली, आणि त्या बाजूला कुणी हात लावेनासं झालं. माझ्या बाजूला मात्र मी तिचं एक पान टिकू दिलं नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला समजुतीच्या चार गोष्टी ऐकवायला नकोत. मी माझ्या थोरल्या जावेवर जळते. आजची नाही, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनची. ती वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, चारचौघांत बोलता तरी आलं असतं.

आमच्या सासूबाईंचा एक नियम होता. शनिवारी सकाळी चूल पेटायच्या आधी सुनांनी बावखलात उतरायचं आणि वर तरंगणारं जे असेल ते काढायचं. पालापाचोळा, शेवाळ, नारळाच्या झावळ्या, काय असेल ते. आधी पाणी, मग चहा. त्या हे आमच्या घरातल्या बोलीत म्हणायच्या, त्याची चव इथं येत नाही. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ओचा सांभाळत एकेक पान वेचायचे, आणि थोरली दोन्ही हातांनी अशी सरसर ओढत जायची की तिच्यामागं पाणी पुसून काढल्यासारखं लख्ख. सासूबाई काठावर बसून म्हणायच्या, थोरलीच्या हाताला पाणी ओळखतं. माझ्याकडं बघून काही म्हणायच्या नाहीत. चहा मात्र दोघींना सारखाच द्यायच्या, हे खरं.

तर ज्या बाईच्या हाताला पाणी ओळखत होतं, ती गेली चौथ्या मजल्यावर. आणि जिच्या हाताला पाणी ओळखत नव्हतं, ती शनिवारच्या शनिवार उतरत राहिली. सासूबाई गेल्या, गुडघे धरले, तरी उतरले. पलीकडची जलपर्णी दोराखालून रोपटी सोडायची, ती मी मुळासकट उपटायची, काठावर उन्हात पसरायची, वाळून कडकडीत झाली की केळीच्या बुंध्याशी घालायची. यजमान म्हणायचे, "अगं, दोन शनिवार नाही उतरलीस तर काय होतंय?" काय होतंय ते पलीकडं दिसत होतंच.

मग मागच्या उन्हाळ्याआधी बातमी आली की तळी आणि बावखलं जलपर्णीमुक्त करायला सरकारी निधी आलाय आणि पाहणीला साहेब येणार आहेत. मी खूश झाले. म्हटलं, चला, आता कुणीतरी बघेल. पैशाचा मोह नव्हता असं म्हणणार नाही. माझ्या पायऱ्या खचल्या होत्या, दोर कुजला होता, काठाचे दगड सुटत होते. पण खरं सांगायचं तर मला कुणीतरी माझी बाजू बघून "वा" म्हणायला हवं होतं. एवढंच. घरातल्यांना तर त्या पाण्याची इतकी सवय झालेली की ते आपोआपच स्वच्छ राहतं असं त्यांना वाटायचं.

साहेब आले त्या दिवशी मी पाडव्यासाठी ठेवलेली साडी नेसले होते. काठ झाडला होता. घरची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, बशीत काढून ठेवली होती. साहेब तरुण होते, बोलायला सभ्य. माझ्या पायरीवर उभे राहिले, पाण्याकडं बघितलं, आणि सोबतच्या माणसाला म्हणाले,

"इथं काहीच नाही."

आणि वळले. पलीकडं गेले, तिथं मात्र चांगले रेंगाळले. फोटो काढले, टेप लावून मोजलं, "बापरे, केवढी माजलीय" म्हणाले. मी मागं मागं गेले आणि विचारलं, "साहेब, आमच्या बाजूचं काय?"

"मॅडम, तुमच्याकडं जलपर्णीच नाहीये."

"नाहीये कारण मी काढते ना!"

"ते चांगलंच आहे. पण निधी काढण्यासाठी आहे. तुमच्याकडं काढायला काही नाही, मग प्रस्ताव कशाचा करायचा?"

"म्हणजे आम्ही आधी माजू द्यायची, मग तुम्ही येणार?"

साहेब हसले. म्हणाले, "राखण्यासाठी हेडच नाही हो मॅडम." हेड म्हणजे खर्चाचं खातं, असं यजमानांनी नंतर समजावलं. मला समजावण्याची गरज नव्हती. तुम्ही आजारी पडलात तर औषधाला पैसे, आणि जिवाला जपून धडधाकट राहिलात तर काही नाही, हे मला तिथंच कळलं होतं. सुकेळी साहेबांनी आवडीनं खाल्ली.

मग मे महिन्यात यंत्र आलं. काय तो थाट! लांब हाताचं पिवळं यंत्र, एक होडी, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं. तीन-चार दिवस घरघर चालली होती. मी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि आतल्या आत खदखदत होते. तिची बाजू मोकळी होत चालली तसा माझा तिळपापड होत होता. जिनं एक पान उचललं नाही तिच्या दारात यंत्र, आणि जिची बोटं पाण्यानं पांढरी पडली तिच्या दारात घरघर. जाऊ एकदाही बघायला आली नाही. पुतण्या गॉगल लावून येऊन उभा राहायचा आणि फोनवर व्हिडिओ काढून तिला पाठवायचा.

काम झालं. पाणी दिसायला लागलं. काठाचे दगड नवे, दोन बाकडी, जावेच्या नावाचा एक फलक. आणि पर्यावरण दिनाला छोटासा कार्यक्रम. मांडव, खुर्च्या, माईक. आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. जाऊ रिक्षातून उतरली, मोतिया रंगाची साडी, केसांत सोनचाफा, तोही माझ्या वाडीतला, सकाळी यजमानांनीच पोचवला होता. "वहिनींना आवडतो" म्हणून! माझ्या आवडीचं काय ते यांना लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सांगता येणार नाही. तर तिला मंचावर बोलावलं. शाल, श्रीफळ, एक रोपटं. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, आपला पारंपरिक पाणवठा जिवापाड जपणाऱ्या या माउली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यजमानांनीही वाजवल्या. मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी हात मांडीवर ठेवले.

मी वाजवल्या नाहीत. मांडीवरची पर्स धरून बसले. कुणी म्हणेल, किती कोतं मन. असेल. जाऊ मंचावरून मला शोधत होती, नजर भेटली तशी हसली, आणि मी नेमकी त्याच वेळी वाकून चप्पल नीट केली.

पावसाळा लागला. मी माझे शनिवार चालू ठेवले. आणि श्रावणात मला दोरापलीकडं, तिच्या नव्याकोऱ्या पाण्यात, जलपर्णीचं एक रोपटं दिसलं. मग दोन. यंत्रातून सुटलेले तुकडे असणार, असं वाटलं. सरकारी काम. मला वाईट वाटलं का? छे. मला उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता बघू शाल काय करते ती. पण दोन दिवसांनी आनंद ओसरला, कारण ती वाढली की येणार कुठं? माझ्याचकडं. साहेबांच्या कागदावर आता हे बावखल साफ झालेलं होतं. पुन्हा यंत्र कोण पाठवणार? मी नाक मुरडत दोराखालून पलीकडं गेले आणि ती रोपटी उपटून आणली. तिच्या बाजूची. मी. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून मिळणार काय होतं?

गणपती आले. गौरीच्या आदल्या दिवशी यजमान म्हणाले, "वहिनींना हळदीची पानं देऊन ये. तिकडं मिळत नाहीत, पातोळ्या कशात करणार त्या?" एरवी ते स्वतः जातात. त्या दिवशी त्यांची कंबर धरली होती. मी पानांची जुडी घेतली आणि रिक्षा केली.

जावेच्या फ्लॅटवर मी फारशी जात नाही. लिफ्ट, गुळगुळीत फरशी, हॉलमध्ये काचेच्या कपाटात ती शाल घडी करून ठेवलेली. दिसेल अशी. मी पाणी प्यायले आणि "बाल्कनीत जरा वाऱ्याला उभी राहते" म्हणून बाहेर गेले. आणि तिथंच थिजले.

बाल्कनीत निळा प्लॅस्टिकचा मोठा टब. काठोकाठ पाणी. आणि त्यात जलपर्णी. अशी पोसलेली, अशी टवटवीत, की माझ्या हातांना ती उपटायची शिवशिव सुटली. जांभळ्या तुऱ्यांनी लवलेली.

"ताई, हे काय?"

"हे? गौर गं माझी." ती पानं मोजत आतून म्हणाली. "उद्या आणायची ना."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. आमच्याकडं गौर तेरड्याची असते. तेरड्याची रोपं मुळासकट आणायची, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. पावलांशिवाय गौर घरात येईल कशी? ती मुळं धुवून, हळदकुंकू लावून घरभर फिरवायची, तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडायची. माझी जाऊ दर वर्षी विसर्जनाला मात्र बावखलावरच यायची, स्वतःच्या बाजूला, आणि तिची गौर जांभळ्या फुलांनी भरलेली असायची; पानं-मुळं साडीत झाकलेली, दोराच्या अलीकडून मला वरचे तुरे तेवढे दिसायचे. आमच्या चुलत नणंदा, आजूबाजूच्या बायका, सगळ्या त्या गौरीच्या प्रेमात. "थोरलीची जांभळी गौर बघितलीस का?" माझ्या तेरड्याच्या गौरीकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. मला वाटायचं, फुलं दादरहून आणते, पैसा आहे. त्या फुलांवर मी किती जळले असेन! आणि ती फुलं अख्ख्या रोपासकट, मुळांसकट, भक्तिभावानं, हात जोडून बावखलात सोडली जात होती. दर वर्षी.

"ताई," मी म्हटलं, "ही जलपर्णी आहे."

"हो, माहिताय. इथं आले त्या पहिल्या वर्षी तेरडा कुठं मिळेना. बाजारात सगळा मुळं छाटलेला. मागच्या डबक्यात ही दिसली. मुळं बघ ना किती दाट, पावलं कशी भरलेली. तेव्हापासून टबात राखून ठेवते."

"आणि बावखलात सोडता."

"मग कुठं सोडू? गौर आपल्याच पाण्यात जायला हवी ना."

"अहो ताई, तुमच्या बाजूला जे काही माजलं होतं, ज्याच्यासाठी यंत्र आलं, साहेब आले, ती सगळी तुमची गौर होती!"

ती पानं हातात धरून उभी राहिली. चेहऱ्याचा रंग गेला. आणि मला काय वाटलं सांगू? मजा वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं चुकलं होतं आणि माझं बरोबर होतं, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मनात मी केव्हाच साहेबांकडं पोचले होते. त्यांना सांगत होते, साहेब, तुम्ही जिला शाल दिलीत ना, तिनंच. फलकावरचं नाव खोडलं जात होतं. शाल परत घेतली जात होती. तिसऱ्या रांगेतून मला पुढं बोलावत होते.

"यंत्रानं काढली ती?" ती हळूच म्हणाली. "सगळी?"

"सगळी. आता तेरवा परत सोडलीत की परत येईल. आणि या खेपेला कुणी काढणार नाही. तुमची बाजू जाईल, मग माझी."

"पण गं, गौर आणायचीच नाही का मी? दुसरं काही नाही इथं." मग ती टबाकडं बघत म्हणाली, "सकाळी उठून हिच्याकडं बघितलं की आपल्या पाण्याकडं बघितल्यासारखं वाटतं. तुला बरंय. तू तिथं आहेस."

तुला बरंय! ऐका. लिफ्टवाली मला सांगते तुला बरंय. बोलले असते तर भांडण झालं असतं. पातोळ्यांची पानं दिलीयत, येते, म्हणून निघाले.

रिक्षात मी तेरड्याचा हिशेब करत बसले. माझ्या काठावर, उंडीच्या सावलीला तेरड्याचा एक छोटा ताटवा आहे. सासूबाईंनी लावलेला, मी राखलेला. त्या वर्षी पाऊस वेडावाकडा झाला होता आणि तेरडा कसाबसा एका गौरीपुरता उभा होता. एकाच. द्यायचा म्हटलं तर चांगला द्यायला हवा, नाहीतर ती म्हणेल, हा कसला मरतुकडा तेरडा, माझी जांभळीच बरी. माझ्याकडं मग उरणार काय? खुरटी रोपं. आणि मी म्हटलं, नाही. नाही म्हणजे नाही. तिच्या चुकीपायी माझी गौर का म्हणून खुरटी? सरकारकडं राखायला हेड नाही, माझ्याकडं तरी का असावं?

घरी आले तर यजमान म्हणाले, "वहिनी बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "मजेत आहेत." आणि भांडी आपटली.

सकाळी मी खुरपं घेऊन तेरड्यात बसले. आधी माझ्यासाठी चांगली रोपं निवडली. मग बावखलाकडं बघितलं. पलीकडं पाणी स्वच्छ होतं, उंडीची फांदी त्यात दिसत होती. किती वर्षांनी दिसत होती! ते पाणी तिचं होतं, शाल तिची होती, सगळं तिचंच होतं, पण त्यातून पुढं येणारी जलपर्णी तेवढी माझी असणार होती. मी सासूबाईंना, तिला, साहेबांना, सगळ्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या आणि निवडलेली रोपं ओल्या फडक्यात गुंडाळली. मुळांची माती धुतली, पावलं नीट राहतील अशी. आणि परत रिक्षा केली.

दार उघडून ती बघतच राहिली. मी म्हटलं, "ही घ्या गौर. आणि तो टब रिकामा करायचा, आत्ता, माझ्यासमोर. मोरीत नाही, गटारात नाही. गच्चीवर पसरायची, वाळून चुरा होईस्तोवर." ती टबाशी बसली. बाही सावरली आणि दोन्ही हातांनी ओढून काढायला लागली. सरसर. एक मूळ तुटलं नाही, एक पान निसटलं नाही. इतक्या वर्षांनी! मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या पोटात पुन्हा तेच दुखायला लागलं, जे लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी दुखलं होतं.

विसर्जनाला ती आली. तिच्या बाजूला माझा तेरडा, माझ्या बाजूला उरलासुरला. बायका जमल्या होत्या. आणि काय म्हणाव्यात? "अगंबाई, थोरलीनं यंदा तेरड्याची गौर आणलीन्! कशी भरगच्च, नाही?" एक चुलत नणंद माझ्या गौरीकडं बघून म्हणाली, "तुझी यंदा जरा बारीक वाटते." मी म्हटलं, "हो, डाएट करतेय." जाऊ माझ्याकडं बघत होती. सांगेल आता, असं वाटलं. पण सगळ्या बोलत होत्या, आरती सुरू झाली, आणि राहूनच गेलं.

त्यानंतरच्या शनिवारी उजाडताना दाराशी रिक्षा वाजली. जाऊ. जुनी साडी, हातात पिशवी. म्हणाली, "आधी पाणी ना?" आणि उतरली. तेव्हापासून ती येते. सगळे शनिवार नाही, जमेल तसे. आम्ही फार बोलत नाही. ती तिच्या बाजूला, मी माझ्या. तिचं माझ्याआधी आटपतं, मग ती दोराखालून माझ्या बाजूला येते आणि माझं राहिलेलं उरकते. मला ते बिलकुल आवडत नाही.

यंदाच्या थंडीत साहेब पुन्हा आले. काम टिकलं का बघायला, आणि पुढचा निधी द्यायची गरज आहे का ठरवायला. जावेला फोन आला होता, म्हणून ती मोतिया साडीत, शाल घेऊन, सकाळपासून काठावर. काठ झाडला, बाकडी पुसली. तिच्या खटपटीकडं बघून मला माझी पाडव्याची साडी आठवली. साहेब तिच्या बाजूच्या नव्या दगडावर उभे राहिले. पाण्याकडं बघितलं. वही काढणाऱ्या माणसाला म्हणाले,

"इथंही काहीच नाही. चला."

तिचा चेहरा उतरला. मी बघत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मनात म्हटलं, घे. आता कळलं? कसं लागतं ते?

आणि मग ती बोलली. माझी जाऊ, जिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही, ती साहेबांच्या वाटेत उभी राहिली.

"काहीच नाही म्हणजे काय हो साहेब? हे 'काहीच नाही' असंच येतं का? तुमच्या यंत्रानं चार दिवसांत काढलं. पण परत आलं नाही ते हिच्यामुळं. ही माझी धाकटी जाऊ. मी फ्लॅटमध्ये बसले होते तेव्हा ही दर शनिवारी या पाण्यात उभी होती. घाण मीच केली होती, अजाणता, गौरीच्या निमित्तानं. हिनं स्वतःची गौर मला दिली आणि ते थांबवलं. मला शाल दिलीत तेव्हा ही तिसऱ्या रांगेत बसली होती. तुम्हाला इथं काहीच दिसत नाही ना? ते काहीच नाही ठेवायला हिची हाडं झिजली."

यजमान माझ्याकडं बघत होते, जणू मला पहिल्यांदाच बघत असावेत. तिनं ती शाल काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली. मी पाण्यातलं काम करून तशीच वर आले होते, हात चिखलाचे होते, मी त्या शालीला हातही लावू शकले नाही. डोळ्यांत पाणी आलं ते पुसताही येईना.

जे ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकत होते, ते मी ऐकलं. माझ्या काठावर, साहेबांसमोर, चार माणसांत. आणि किती छान बोलली ती. अडखळली नाही, चिडचिड केली नाही. मला सांगायचं असतं तर मी पहिल्याच वाक्याला रडून भांडून सगळं घालवलं असतं.

साहेब वळले. त्यांना खरंच पटलं होतं, ते दिसत होतं. दोन्ही हात जोडून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. राखणाऱ्यांसाठी काही करता येतं का, मी वर लिहितो. फार मोठं काम केलंत तुम्ही."

हात जोडले होते ते तिच्याकडं बघून.